लाल मातीचा हट्ट

जुलै उजाडला की टोरांटो किंवा माँट्रिऑलहून चार-सहा मित्रांनी मिळून गाडी काढायची, क्यूबेक आणि न्यू ब्रन्सविक मागे टाकत पूर्वेकडे जायचं आणि १२.९ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलावरून प्रिन्स एडवर्ड आयलंडवर उतरायचं, हा कॅनडात अनेकांचा, तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींचाही, उन्हाळी बेत असतो. पूल संपल्यावर थोड्याच वेळात ज्यासाठी आलो ते दिसू लागतं. लाल मातीची शेतं उतरत उतरत थेट समुद्राच्या कड्यापर्यंत जातात, बटाट्याला पांढरी-जांभळी फुलं आलेली असतात, मधूनच एखादं लाकडी चर्च किंवा दीपगृह डोकावतं. लक्षात यायला जरा वेळ लागतो ते म्हणजे काय दिसत नाही. रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे भले मोठे फलक नाहीत. किनाऱ्यालगत हॉटेलांची सलग भिंत नाही. मैलोन्‌मैल समुद्र शेतांच्या पलीकडे मोकळा दिसत राहतो. पाहणारा सहज म्हणतो, निसर्गानं या बेटाला भरभरून दिलंय. मला हे अर्धवट वाटतं. या दृश्यामागे निसर्गाइतकीच, काही ठिकाणी त्याहून जास्त, जमिनीच्या मालकीवरून दोनशे वर्षं चाललेली एक लढाई आहे. ती ठाऊक नसेल तर आठवडाभर फिरूनही बेटाचा फक्त रंग पाहून होतो.

निसर्गाचा वाटा आधी प्रामाणिकपणे मोजू. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा इथे वाळूचा दगड झाला. त्यातलं लोह गंजलं, म्हणून माती लाल. दगड मऊ आहे, लाटांनी सहज झिजतो. त्याचीच पुळण होते. बेट सुमारे ५,६६० चौरस किलोमीटरचं, लांबट आणि चंद्रकोरीसारखं वाकलेलं. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम १४२ मीटर. सेंट लॉरेन्सच्या आखाताचा हा दक्षिण भाग उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी पोहण्याइतकं कोमट होतं. हे सगळं खरं. पण नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनीच्या पलीकडे, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरही असाच लाल दगड सापडतो आणि पाणीही तेच आहे, तेव्हा नुसत्या भूगर्भातून हे दृश्य सिद्ध होत नाही. दुसरं असं, की युरोपियन लोक आले तेव्हा हे बेट जवळपास संपूर्ण जंगलानं झाकलेलं होतं. १९००च्या सुमारास दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन साफ झाली होती. ज्या हिरव्या-लाल पट्ट्यांचे आपण फोटो काढतो ते कुऱ्हाडीनं आणि नांगरानं घडलेले आहेत. प्रश्न उरतो तो एवढाच, की पट्टे असे का, आणि ते टिकले कसे.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. मिगमाक या मूळनिवासी लोकांच्या या बेटावर आधी फ्रेंच वसाहत झाली. १७५८ साली ब्रिटिशांनी इथल्या अकेडियन म्हणजे फ्रेंच भाषक शेतकऱ्यांपैकी सुमारे तीन हजारांना जहाजांत कोंबून हद्दपार केलं. १७६३च्या पॅरिस तहानं बेट अधिकृतपणे ब्रिटनचं झालं आणि सॅम्युएल हॉलंड या सर्वेक्षकानं ते मोजून त्याचे ६७ तुकडे पाडले, प्रत्येक साधारण वीस हजार एकरांचा. मग जुलै १७६७मध्ये, एका दिवसात, चिठ्ठ्या टाकून जवळजवळ सगळे तुकडे वाटून टाकण्यात आले. चिठ्ठी लागली ती लष्करी अधिकाऱ्यांना, राजकारण्यांना, सरकारदरबारी वजन असलेल्या व्यापाऱ्यांना. अटी दोनच महत्त्वाच्या होत्या: सरकारला सारा भरायचा आणि दहा वर्षांत दर दोनशे एकरांमागे एक माणूस वसवायचा. बहुतेकांनी दोन्ही पाळल्या नाहीत, आणि बहुतेकांनी बेटावर पाऊलही ठेवलं नाही. जमीन त्यांच्याकडेच राहिली. पुढे स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून जे गरीब लोक आले, त्यांनी जंगल तोडलं, बुंधे उपटले, पहिलं पीक काढलं. आणि मग त्यांच्या दारात मालकाचा मुखत्यार खंड मागायला उभा राहिला. कसणारा कूळ आणि मालक समुद्रापार, अशी ही व्यवस्था शंभर वर्षं चालली. मिगमाक लोकांना तर कुणी विचारलंच नाही.

कुळांनी ती मुकाट्यानं सोसली नाही. १८३०च्या दशकात विल्यम कूपर, जो स्वतः एका जमीनदाराचा मुखत्यार राहिला होता, त्यानं मागणी लावून धरली की अटी मोडणाऱ्या मालकांची जमीन सरकारजमा करा आणि कसणाऱ्याला द्या. लंडननं ती धुडकावली. १८६४ साली कुळांची संघटना उभी राहिली. खंड भरायचा नाही अशी सभासदांनी शपथ घेतली. वसुलीला शेरीफचा माणूस निघाला की एका शेतातून पत्र्याचा कर्णा वाजे, तो ऐकून पुढच्या शेतातून दुसरा, आणि तो पोचायच्या आत गाव जमलेलं असे. १८६५ मध्ये हॅलिफॅक्सहून फौज मागवावी लागली. याच १८६४च्या सप्टेंबरात शार्लटटाउनमध्ये ती प्रसिद्ध परिषद भरली होती, जिच्यातून पुढे कॅनडा हे राष्ट्र जन्मलं. पर्यटकाला राजधानीत फिरताना परिषदेची कहाणी पावलोपावली सांगितली जाते, कर्ण्यांची क्वचितच. वास्तविक बेट कॅनडात सामील झालं ते १८७३ साली, नऊ वर्षांनी, आणि त्याच्या करारात जमीनदारांकडून जमीन विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलरची तरतूद होती. १८७५च्या कायद्यानं जमीनदारांना विक्री सक्तीची झाली. कसेल त्याची जमीन हे तत्त्व इथे एकोणिसाव्या शतकातच अमलात आलं.

या इतिहासाची खूण आजही शेतात पाहता येते, आणि मित्रांसोबतच्या सहलीत गाडी हळू करून पाहावी अशीच ती आहे. जुन्या शेतांचा नेहमीचा आकार शंभर एकरांचा: रुंदी साधारण ६६० फूट आणि लांबी सव्वा मैल. अरुंद टोक रस्त्याला किंवा पाण्याला लागलेलं, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला थोडा किनारा, थोडी सुपीक जमीन आणि मागे सरपणाचं रान. दोन शेतांमधल्या बांधावर स्प्रूस, मॅपल, रानगुलाब वाढू दिले, कारण तिथे नांगर फिरत नसे. टेकाडावरून पाहिलं की हिरव्या रांगांनी आखलेले लाल पट्टे समुद्राकडे धावताना दिसतात ते यामुळे. ही रेघ निसर्गानं ओढलेली नाही. ती खंडकरी कुळाच्या पट्ट्याची हद्द आहे. अशी एक बांधाची रांग ओळखता आली की पुढची पन्नास आपोआप दिसायला लागतात.

खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. १९६०च्या दशकात शेती परवडेनाशी झाली, तरुण बेट सोडू लागले, आणि त्याच वेळी अमेरिकेतले व मुख्य भूमीवरचे लोक किनाऱ्याच्या जमिनी उन्हाळी घरांसाठी घेऊ लागले. बेटावरच्या लोकांना यात नवं काही दिसलं नाही. मालक पुन्हा परगावी जाणार, एवढंच दिसलं. १९७२ साली कायदा झाला की बेटाच्या रहिवाशाखेरीज कुणाला दहा एकरांपेक्षा अधिक जमीन किंवा ३३० फुटांपेक्षा अधिक किनारा मंत्रिमंडळाच्या परवानगीशिवाय घेता येणार नाही. दोन अमेरिकन नागरिकांनी त्याला आव्हान दिलं. १९७५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. पुढे मर्यादा आणखी आवळून पाच एकर आणि १६५ फुटांवर आली. १९८२च्या जमीन संरक्षण कायद्यानं तर रहिवाशांवरही कमाल धारणेची मर्यादा घातली: व्यक्तीला एक हजार एकर, कंपनीला तीन हजार. उत्तर अमेरिकेत, जिथे जमीन ही बाजारातली वस्तू मानायची सवय खोल आहे, तिथे एवढ्याशा प्रांतानं असा कायदा करावा हे मला फार मोलाचं वाटतं. याच सुमारास, १९७३ साली, सामिलीकरणाची शताब्दी थाटात साजरी होत असताना काही तरुणांनी एक गट काढला आणि त्याला नाव दिलं कॉर्नेलियस हॉवट यांचं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी विधानसभेत सामिलीकरणाविरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी एकाचं. विकासाच्या नावाखाली बेट स्वतःवरचा ताबा गमावतंय, हे त्यांचं म्हणणं होतं.

जमिनीपुरतंच हे नाही. नव्या गोष्टीला आधी थांबवून विचारायचं, ही इथली जुनी खोड आहे. १९०८ मध्ये बेटाच्या विधिमंडळानं मोटारींवर सरसकट बंदी घातली. ती १९१३ नंतर टप्प्याटप्प्यानं उठली. १९८४ ते २००८ या काळात शीतपेयं डब्यांत विकायला मनाई होती. बाटली काचेची, परत भरायची. महामार्गांवर दूरच्या दुकानांचे फलक लावता येत नाहीत, सगळ्यांसाठी एकसारख्या छोट्या दिशादर्शक पाट्या असतात. १९८९ साली रेल्वे बंद पडली तेव्हा रुळांची पट्टी विकून टाकण्याऐवजी ती सार्वजनिक ठेवली. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २७० किलोमीटरहून लांब सायकलचा आणि पायी चालायचा मार्ग आज तिच्यावर आहे. पूल बांधायचा की नाही यावर १९८८ मध्ये सार्वमत झालं. ५९ टक्क्यांहून थोडे अधिक लोक बाजूनं होते, म्हणजे दहातल्या चौघांना पूल नकोच होता. १८७३च्या करारात बारमाही जलवाहतुकीचं वचन असल्यामुळे पुलासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली, आणि खांबांमुळे वसंतात बर्फ अडून मासेमारीला उशीर होईल या भीतीपोटी खांबांना पाण्याच्या पातळीवर शंकूसारखे बर्फफोडे बसवले गेले. ३१ मे १९९७ ला पूल उघडला. टोल बेटावर येताना नाही, जाताना द्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोक इथे येतात ते एका पुस्तकामुळे. जमिनीच्या कायद्यांचा त्यात काय संबंध? ल्युसी मॉड माँटगोमेरी यांची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी १९०८ मध्ये आली, आणि कॅव्हेंडिश गावातलं ते हिरव्या त्रिकोणी छपराचं घर पाहायला जगभरातून वाचक येऊ लागले. १९५२ साली जपानी अनुवाद झाल्यापासून जपानमधून येणाऱ्यांची तर परंपराच आहे. पुस्तकाचं श्रेय मान्य. पण कॅव्हेंडिशच माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. ते घर आणि शेजारचा किनारा १९३७ पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत. उद्यानाच्या कुंपणाबाहेर, त्याच गावाच्या मुख्य रस्त्यावर, करमणूक पार्क, गो-कार्टचे ट्रॅक, पाण्याच्या घसरगुंड्या आणि स्मरणवस्तूंच्या दुकानांची रांग आहे. एकच पुस्तक, एकच समुद्र, आणि दोन बाजूंना दोन दृश्यं. मागणी वाढली आणि तिला वाट मिळाली तर काय उभं राहतं ते पाच मिनिटांच्या अंतरात दिसतं. उद्यानासाठी शेतकरी कुटुंबांच्या जमिनी सक्तीनं घेतल्या गेल्या आणि त्याचा राग पुढे बराच काळ टिकला, हेही सांगायला हवं. हे सौंदर्य कुणाच्या तरी पदरची किंमत मोजून राखलेलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बाहेरच्यांना रोखणारा कायदा हा संकुचितपणा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, कारण ‘बाहेरून आलेला’ हा शिक्का इथे पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही अशी तक्रार नव्यानं आलेले लोक करतात. पण कायद्याची कसोटी जन्माची किंवा नागरिकत्वाची नाही, वास्तव्याची आहे. पुण्याहून येऊन शार्लटटाउनला कायम राहणारा माणूस या कायद्यापुढे रहिवासी ठरतो. टोरांटोत जन्मलेला आणि उन्हाळ्यात दोन आठवडे येणारा ठरत नाही. जो राहतो त्याचा शब्द आधी, इतकाच त्याचा अर्थ. माझी खरी टोचणी वेगळी आहे. ज्यांचं वास्तव्य सर्वांत जुनं, त्या मिगमाक लोकांना याच न्यायाचा लाभ सर्वांत उशिरा मिळाला. लेनॉक्स आयलंड हे त्यांचं छोटं बेट १८७० मध्ये लंडनच्या एका संस्थेनं मालकाकडून विकत घेऊन त्यांच्यासाठी राखलं. वायव्य किनाऱ्यावरची पितुआमकेक ही वाळूच्या बेटांची रांग २०२४ मध्ये राष्ट्रीय उद्यान राखीव क्षेत्र झाली, आणि तिचा कारभार मिगमाक व सरकार मिळून पाहतात. दीड शतकाचं हे अंतर कुठल्याही निसर्गदृश्यानं भरून निघत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे कायदा कागदावर आहे आणि शेत भलतंच सांगतं. यातही तथ्य आहे. कॅनडाच्या बटाट्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या चिमुकल्या प्रांतातून येतो. त्यातला मोठा भाग गोठवलेल्या फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यांत जातो. मोठ्या यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून अनेक ठिकाणी बांधावरच्या झाडांच्या रांगा तोडल्या गेल्या. उघडी लाल माती पावसात वाहून खाड्यांत गाळ साठतो, खतांतला नायट्रेट पाण्यात उतरतो. एकमेकांशी संबंध असलेल्या कंपन्या मिळून तीन हजार एकरांची मर्यादा ओलांडतात, अशी तक्रार वरचेवर विधानसभेपर्यंत जाते. तरी यातून कायदा फोल ठरतो असं मी मानत नाही. मर्यादा लिहिलेली आहे म्हणूनच तिच्या उल्लंघनावर वाद होऊ शकतो. बटाटा एका शेतात तीन वर्षांतून एकदाच घ्यायचा, हा पीकफेरीचा नियमही अशाच वादांतून कायदा झाला. आणि पाहुण्याला हे कळलं तर तो मुसळधार पावसानंतर खाडी लाल झालेली पाहून तिला नुसतं सुंदर म्हणणार नाही.

या सगळ्याचा सहलीच्या बेतावर सरळ परिणाम होतो. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या बेटावर वर्षाला दहा लाखांहून अधिक पाहुणे येतात, त्यातले बरेचसे जुलै-ऑगस्टमध्ये आणि बरेचसे कॅव्हेंडिशच्या आसपास. मित्रांच्या गटानं पूर्वेकडे स्थानिक कुटुंबाची कॉटेज आठवड्यासाठी घ्यावी. माणशी खर्च कमी पडतो आणि पैसा गावात राहतो. सेंट पीटर्स बे इथे जुन्या रेल्वेमार्गावर सायकली काढता येतात, आणि जवळच ग्रीनिचला पाणथळीवरून तरंगती लाकडी वाट वाळूच्या टेकड्यांकडे नेते. या टेकड्या वाऱ्यानं नालेच्या आकारात वळतात आणि हळूहळू रानावर सरकतात. त्यांना धरून ठेवतं ते मॅरम गवत. दहाबारा पावलं पडली तरी त्याचं रोप मरतं, म्हणून वाट सोडायची नाही. संध्याकाळी न्यू ग्लासगोसारख्या गावात लॉबस्टरचं जेवण घ्यावं. ही जेवणं १९५०-६०च्या दशकांत तरुण शेतकऱ्यांच्या संघटनेनं आणि चर्चनं निधी उभारायला सुरू केली होती. लांब टेबलांवर, अनोळखी लोकांच्या शेजारी बसून जेवायची पद्धत त्यातूनच आली.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला कायद्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो समुद्र घेतो. हा मऊ दगड वर्षाला सरासरी जवळपास फूटभर मागे हटतो. २४ सप्टेंबर २०२२ रोजी फियोना वादळानं कित्येक ठिकाणी एका रात्रीत अनेक वर्षांची झीज घडवली. थंडर कोव्हचा चहाच्या कपासारखा दिसणारा खडक, ज्याचा फोटो प्रत्येक मित्रमंडळींच्या अल्बममध्ये असे, तो सकाळी नव्हता. नियम आहे की घर कड्यापासून किमान ७५ फूट, किंवा तिथल्या वार्षिक झिजेच्या साठपट, यांतलं जे जास्त असेल तितकं आत बांधायचं. पण आधीच बांधलेल्या घरांचे मालक आता किनाऱ्यावर मोठमोठ्या दगडांचे बांध घालतात. दगडाआडचं घर काही काळ वाचतं, त्याच्यासमोरची वाळू मात्र ओसरते आणि शेजारच्या उघड्या कड्यावर लाटांचा मारा वाढतो. उत्तर किनाऱ्यावर पॉइंट डेरोश इथे अशाच एका नव्या घरापुढच्या दगडी बांधामुळे भरतीच्या वेळी पुळणीवरून चालत जाणं अशक्य झालं, आणि लोकांनी निषेध केला. पुळण सगळ्यांची, ही इथली जुनी धारणा. पण ती सगळ्यांची असते भरतीरेषेच्या खाली, आणि ती रेषाच आता दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या खाजगी जमिनीत शिरते आहे. ६७ तुकड्यांचा वाद मिटायला १०८ वर्षं लागली. या सरकत्या रेषेचा निवाडा कसा करायचा, यावर बेटाची विधानसभा आणि गावोगावच्या सभा सध्या भांडत आहेत.